म्हणे, केमो कालबाह्य!

कर्करोग झालेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांत दोन शहाणे हमखास असतात. पहिला खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात सांगतो, "वहिनी, माझं ऐका, केमो घेऊ नका. आमच्या साडूंना कॅन्सरने नाही नेलं, केमोने नेलं." दुसरा जास्त वाचलेला असतो. तो म्हणतो, "वाढणाऱ्या पेशी सरसकट मारायच्या, ही पन्नास वर्षांपूर्वीची रीत झाली हो. जग आता टार्गेटेड थेरपीवर आणि इम्युनोथेरपीवर गेलंय. आपल्याकडे अजून तेच दळण चाललंय." पहिला जाताना सदाफुलीची पानं चावून खायला सांगून जातो, दुसरा एखादा व्हिडिओ पाठवून देतो. एरवी या दोघांचं एकमेकांशी पटणार नाही. पण पेशीच्या विभाजनावर घाव घालणारी औषधं आंधळी, आडदांड आणि मोडीत काढण्याच्या लायकीची आहेत, यावर दोघांचं एकमत असतं.

पहिल्याला मी फार बोलणार नाही. त्याने घरातला माणूस जाताना पाहिलाय. जाण्याआधी त्या माणसाचे केस गेले, तोंड आलं, वरणाचं पाणीसुद्धा गिळवेना, हेही पाहिलंय. दुसऱ्याला मात्र सोडायचं कारण नाही. त्याच्या बोलण्यात दोन-चार वाक्यं खरी असतात, त्यांच्या आडून बाकीची खपून जातात, आणि ती ऐकून तिसऱ्या सायकलनंतर उपचार सोडणारा रुग्ण आपण काहीतरी आधुनिक निर्णय घेतला अशा समजुतीत घरी बसतो.

त्याची बाजू आधी धडपणे मांडतो, म्हणजे 'आम्ही असं म्हटलंच नव्हतं' ही पळवाट नको. त्याचं म्हणणं असं: कर्करोगाची पेशी भराभर वाढते, म्हणून भराभर वाढणारं दिसेल ते मारा, याहून जास्त डोकं या औषधांमागे नाही. केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, अस्थिमज्जा हेही भराभर वाढतात, म्हणून तेही मरतात. हे लक्षात आल्यावर शास्त्रज्ञांनी विभाजनाच्या यंत्रातला एकेक पुर्जा नेमका पकडणारी नवी औषधं केली, तर तीही चाचण्यांत आपटली. म्हणजे निशाणाच चुकीचा. मग अजून किती वर्षं त्याच यंत्राच्या मागे लागायचं?

विषापासून सुरुवात करू. हो, विषच आहे. इन्सुलिनही जास्त झालं तर जीव घेतं. औषध किती, कशात मिसळून आणि कोणत्या वाटेने द्यायचं यावर सगळं ठरतं, आणि ज्यांना ते रोज हाताळायचं असतं त्यांना हे पाहुण्यांनी येऊन सांगावं लागत नाही. व्हिन्क्रिस्टीनचंच बघा. शिरेतून दिलं तर औषध. तेच चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिशवी घेऊन कुणी कण्यात टोचायला जात नाही. वर ठळक अक्षरांत इशारा असतो, की हे फक्त शिरेतून द्यायचं, दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दिलं तर प्राणघातक. मोठ्या धडधाकट माणसालासुद्धा एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. एवढी काळजी घेणाऱ्यांना 'विष देतात' म्हणून हिणवणं म्हणजे शल्यविशारदाला 'चाकू चालवतो' म्हणून पोलिसांत देण्यासारखं झालं.

आणि हे व्हिन्क्रिस्टीन येतं कुठून? सदाफुलीतून. तुमच्या कुंडीतल्या, तुळशीशेजारच्या सदाफुलीतून. १९५० च्या दशकात कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्याकडे, त्यांच्या डॉक्टर भावामार्फत, जमैकाहून या झाडाची पानं आली. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत, जसा आपल्याकडेही घेतात. उंदरांना अर्क दिला तर रक्तातली साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. साखरेवरचं औषध शोधणाऱ्या दुसऱ्या कुणी पानं कचऱ्यात टाकली असती. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी पांढऱ्या पेशींचा धागा धरला. जे पांढऱ्या पेशी पाडतं ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर का चालू नये? १९५८ साली त्यांनी व्हिन्ब्लास्टीन वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याच झाडातलं त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. तेव्हा 'केमो विष आहे, त्यापेक्षा सदाफुली खा' हा सल्ला नेमका काय आहे ते समजून घ्या. ज्याला विष म्हणता तेच, न मोजलेलं, न गाळलेलं, कोणत्या पानात किती आहे याचा पत्ता नसलेलं, तुम्ही आजारी माणसाला चावायला सांगताय.

आता आंधळेपणाचा आरोप. दहावीच्या पुस्तकातली सूत्री विभाजनाची आकृती आठवा. मध्यावस्थेत गुणसूत्रं मधोमध ओळीने लागलेली, दोन टोकांकडून आलेले तुर्कतंतू त्यांना धरून. आकृती स्थिर दिसते. प्रत्यक्षात हे तंतू ज्या सूक्ष्मनलिकांचे बनतात त्या क्षणोक्षणी लांबत आणि आखूड होत असतात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्या टोकाला जुळल्या की नलिका वाढते, सुटल्या की मागे सरते, आणि या वाढण्या-सरण्यावरच गुणसूत्रं पकडली जातात आणि ओढली जातात. सदाफुलीतली औषधं त्या जोड्या जुळू देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल नावाचं दुसरं औषध बरोबर उलटं करतं, जुळलेल्या सुटू देत नाही. हे १९७९ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालयात सुझन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. असं वागणारा रेणू तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

तो रेणू काढणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या नंदुरबारचे. मनसुख वाणी, जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि पुढे अमेरिकेत. पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून गोळा झाली. नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल आणि वाणी यांनी तिच्यातून तो पदार्थ वेगळा केला आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. अंडाशयाच्या कर्करोगावर औषध म्हणून मंजुरी मिळाली १९९२ साली. साल सोलल्यापासून तीस वर्षं. रेणू पाण्यात विरघळेना, झाडं संपायला आली, मग युरोपातल्या यूच्या सुयांसारख्या पानांतून अर्धा तयार रेणू काढून पुढचा भाग प्रयोगशाळेत जोडायची युक्ती निघाली. या सगळ्या खटाटोपाला आंधळा म्हणायचं, तर म्हणणाऱ्याची दृष्टी भलतीच तीक्ष्ण असली पाहिजे.

'भराभर वाढतं ते सरसकट मरतं' हा नियम खरा असता तर एक साधी गोष्ट घडायला हवी होती. व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन यांनी सारखंच वागायला हवं होतं. दोन्ही एकाच झाडातली, दोन्ही ट्युब्युलिनला धरणारी, दोन्ही विभाजन अडवणारी. शंभराहून जास्त अणूंच्या या रेणूंत फरक आहे तो एका नायट्रोजनवर. तिथे एकाकडे मिथाइल गट आहे, दुसऱ्याकडे फॉर्मिल. बस. पण तेवढ्याने पहिलं अस्थिमज्जेवर उठतं आणि पांढऱ्या पेशींचे काउंट पाडतं, दुसरं मज्जेला बरंचसं सोडून देतं आणि नसांवर जातं. कुठे गेला सरसकटपणा? आणि नसांच्या पेशी तर विभागतच नाहीत! हातापायांची बोटं बधिर होतात, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. हा त्रास विभाजन थांबल्यामुळे होत नाही. नसांच्या लांबलचक तंतूंमधून माल वाहून नेण्याच्या वाटासुद्धा सूक्ष्मनलिकांच्याच असतात, आणि औषध तिथेही जाऊन चिकटतं. म्हणजे 'वाढणारं सगळं मारतं' हे त्यांचं निदान जिथे त्यांना सगळ्यात पक्कं वाटतं तिथेच फसतं.

व्हिन्क्रिस्टीन मज्जेला सोडतं याचं मोल लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात कळतं. तिथे आजारच मज्जेत असतो. रोगट पेशी मारायच्या आणि निरोगी पेशी उगवायला जागा ठेवायची, ही दुहेरी कसरत. १९६२ साली मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झालं तेव्हा या आजाराची जवळपास सगळी मुलं दगावत. आज चांगल्या केंद्रांत दहातली नऊ बरी होतात. त्यात स्टेरॉइड आहे, अ‍ॅस्परॅजिनेज आहे, मेथोट्रेक्सेट आहे, आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिरेतून जाणारं हे सदाफुलीचं औषध आहे. साठ वर्षं झाली, त्याला तिथून कुणी हलवू शकलेलं नाही. कालबाह्य म्हणायला आधी दुसरं कुणीतरी त्याच्या जागेवर बसायला नको का?

आंधळेपणाच्या आरोपाला आणखी एक उत्तर अगदी अलीकडचं आहे आणि मला ते फार आवडतं. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात जोरकस केमोआधी ट्रायलासिक्लिब नावाचं औषध शिरेतून देतात. २०२१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते पेशीला विभाजनाची तयारी करू देत नाही. कोणत्या पेशीला? मज्जेतल्या निरोगी पेशींना. त्या तेवढ्यापुरत्या थांबतात, आणि थांबलेल्या असल्यामुळे नंतर येणाऱ्या केमोच्या तडाख्यातून वाचतात. या कर्करोगाच्या पेशींतलं आरबी हे लगाम घालणारं प्रथिन बहुधा आधीच गेलेलं असतं, त्यामुळे त्या थांबत नाहीत आणि मार खातात. ज्या यंत्रावर हल्ला करणं म्हणे आंधळेपणाचं, त्याच यंत्राची ढाल करून निरोगी पेशी वाचवल्या जाताहेत. व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी हाही पाठवावा.

बरं, 'जग पुढे गेलंय' म्हणतात ते कशावर बसून गेलंय? स्तनाच्या हर-टू पॉझिटिव्ह कर्करोगावर टी-डीएम१ नावाचं औषध आलं, अमेरिकेत २०१३ साली. वर्तमानपत्रांनी त्याला क्षेपणास्त्र म्हटलं. प्रतिपिंड बरोबर कर्करोगाची पेशी हुडकतो आणि आत माल सोडतो. माल कोणता? मेटॅन्सिनच्या घराण्यातला रेणू, म्हणजे सूक्ष्मनलिका मोडणारं विष. हे मेटॅन्सिन इथिओपियातल्या एका झुडपातून काढल्याचं १९७२ साली प्रसिद्ध झालं होतं. एकट्याने दिलं तर सोसवेना, म्हणून ते बाजूला पडलं. पुढे प्रतिपिंडाला बांधून तेच परत आलं. हॉजकिन लिम्फोमावरचं ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन, २०११ चं, तेही असंच. त्याचा माल समुद्री गोगलगायीच्या जातीतल्या एका प्राण्यातून सापडलेल्या रेणूच्या धर्तीवर केलेला आहे, आणि काम तेच, सूक्ष्मनलिका जुळू न देणं. प्रतिपिंड हा अवाढव्य रेणू, वजन पॅक्लिटॅक्सेलच्या पावणेदोनशे पट. तो पेशीच्या पृष्ठभागावर बसू शकतो, पण तुर्कतंतूंपर्यंत स्वतःहून पोचू शकत नाही. तिथे शिरायला छोटा रेणूच लागतो. नव्याने जुन्याला हाकललं ही समजूत कुठून आली कोण जाणे. इथे नव्याने जुन्याला चक्क पाठुंगळी घेतलंय.

इम्युनोथेरपीचं तेच. ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगात शस्त्रक्रियेआधी पेम्ब्रोलिझुमॅब देतात ते पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनच्या जोडीने. फुप्फुसाच्या स्क्वॅमस कर्करोगातही तसंच. हर-टू वर दोन प्रतिपिंड एकत्र दिल्याने स्त्रियांचं आयुष्य वाढलं, मध्यक ४०.८ महिन्यांवरून ५६.५ वर गेला, अशी जी प्रसिद्ध चाचणी सांगतात, तिच्यात दोन्ही गटांना पॅक्लिटॅक्सेलचं भावंड डोसिटॅक्सेल होतंच. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात हार्मोन थांबवण्याच्या उपचाराला सुरुवातीलाच डोसिटॅक्सेलची जोड दिली तर आयुष्याचा मध्यक ४४ महिन्यांवरून ५७.६ झाला, हे २०१५ साली छापून आलं. त्या वेळेपर्यंत डोसिटॅक्सेल वीस वर्षं जुनं, घरचंच झालेलं औषध होतं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. तोंडाचा-घशाचा कर्करोग हा आपल्याकडचा मोठा आजार, तंबाखू-मावा-गुटख्याच्या कृपेने. रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन द्यायचा प्रघात. पण मूत्रपिंड कमजोर, कानाला कमी ऐकू येतं, अंगात ताकद नाही, असे कितीतरी रुग्ण सिस्प्लॅटिन सोसू शकत नाहीत, आणि त्यांच्या वाट्याला नुसतं रेडिएशन येई. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी अशा ३५६ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना त्याबरोबर आठवड्याला डोसिटॅक्सेलचा अगदी छोटा डोस, शरीराच्या दर चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ४१.७ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ५०.८ टक्के. त्रास वाढला का? वाढला. तोंड जास्त सोललं, गिळणं जास्त अवघड झालं. पण शंभरात नऊ माणसं जास्त जगली, आणि तीही पेटंट कधीच संपलेल्या औषधावर. हा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. 'आपल्याकडे अजून तेच चाललंय' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे आपल्याकडचंच 'तेच' जरा वाचावं.

आता त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा. तो त्यांचा स्वतःचा नाही. २०११-१२ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या टिटो फोजो यांच्या गटाने तो मांडला, आणि त्याला उडवून लावता येत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्करोगाच्या पेशी साधारण दिवसाला एकदा विभागतात, पण रुग्णाच्या अंगातली गाठ दुप्पट व्हायला कित्येकदा महिने लागतात. कोणत्याही क्षणी तिथे विभाजनात असलेल्या पेशी थोड्याच. मज्जेत मात्र अष्टौप्रहर नव्या पेशी घडत असतात. मग ऐन विभाजनात पकडून मारणारं औषध गाठीच्या आधी मज्जेलाच मारणार. घडलंही तसंच. तुर्कतंतूंची दोन टोकं दूर ढकलणाऱ्या कायनेसिन-५ ला रोखणारं इस्पिनेसिब, ऑरोरा कायनेजवरचं अलिसर्टिब, पीएलके-१ वरचं व्होलासर्टिब, ही सगळी मोठ्या आशेने आली. नसांना त्यांनी खरोखर सोडलं. काउंट मात्र पाडले आणि गाठी म्हणाव्या तशा विरघळल्या नाहीत. अलिसर्टिब आणि व्होलासर्टिब तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत जाऊन पडली.

ही औषधं पडली, मान्य. त्यातून 'विभाजन हा निशाणाच चुकीचा' हे कसं निघतं? निघत असेल तर पॅक्लिटॅक्सेल त्याच हळू वाढणाऱ्या गाठींवर का चालतं, याचं उत्तर आधी द्या. तेही विभाजनाचंच औषध, तेही मज्जेला त्रास देणारं. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेथ वीव्हर यांच्या गटाने २०१४ साली ते उत्तर शोधलं. स्तनकर्करोगाच्या रुग्णांना पॅक्लिटॅक्सेलचा पहिला डोस दिल्यावर वीस तासांनी गाठीचा तुकडा काढून त्यांनी तपासला. गाठीत औषध किती पोचलं? बशीत पेशी विभाजनात अडकवून ठेवायला जेवढं वापरतात त्याहून कितीतरी कमी. आणि पेशी अडकल्याच नव्हत्या. त्या विभागत होत्या, पण भलत्याच तऱ्हेने. तुर्कतंतूंना दोनऐवजी तीन-चार टोकं फुटली होती आणि गुणसूत्रांची वाटणी तीन-चार दिशांना होत होती. कुणाच्या वाट्याला ढीग, कुणाच्या वाट्याला जवळपास काही नाही, आणि अशा वाटणीतून निघालेल्या पेशी पुढे जगत नाहीत. म्हणजे पस्तीसएक वर्षं पुस्तकांत जे लिहिलं होतं, की पॅक्लिटॅक्सेल पेशीला विभाजनात कोंडून मारतं, ते गाठीच्या आत खरं नव्हतंच.

नवी औषधं बनवणाऱ्यांनी ते पुस्तक खरं धरलं होतं. बहुतेकांचा बेत पेशीला कोंडायचा होता. विभाजनाच्या यंत्रात एक पहारा असतो. एखादं गुणसूत्र नीट पकडलं गेलं नसेल तर पेशी पुढे जात नाही. तो पहारा उठू दिला नाही की काम झालं असं वाटलं. पण कोंडलेली कर्करोगाची पेशी कित्येकदा काही तास, कधी दिवसभर वाट बघते आणि विभाजन अर्धवट टाकून निसटते. मग आपटलं काय? 'थांबवलं म्हणजे मेलं' हा आपला समज आपटला. यंत्र बिचारं जागच्या जागी आहे. 'गाठ हळू वाढते' हा आक्षेपही या प्रकाशात बदलतो, कारण पेशीला नेमकी पकडण्याची गरजच उरत नाही. गाठीत औषध टिकून राहिलं, तर जी पेशी जेव्हा विभागेल तेव्हा ती वाटणी चुकवेल.

आणि ही वाटणी मुळातच डळमळीत असते, हे काय आज कळलंय? १८९० साली डेव्हिड फॉन हान्समान यांनी कर्करोगाच्या पेशींत वाकडीतिकडी विभाजनं पाहून नोंदवली. १९१४ साली थिओडोर बोव्हेरी यांनी गुणसूत्रांच्या चुकलेल्या वाटणीतच या रोगाचं मूळ असावं असं मांडलं. कर्करोगाची पेशी काठावरच चाललेली असते. थोड्या चुका तिला नवे गुण देतात, जास्त चुका तिला मारतात. तिला काठावरून ढकलणं यात आंधळं काय आहे? २०१७ साली आणखी एक दुवा पुढे आला. वाटणीत मागे राहिलेली गुणसूत्रं स्वतंत्र छोट्या केंद्रकात बंद होतात, ते केंद्रक फुटलं की पेशीच्या आतली विषाणू ओळखणारी घंटा वाजते आणि प्रतिकारशक्तीला बोलावणं जातं. म्हणजे केमो विरुद्ध इम्युनो असा जो सामना दिवाणखान्यात रंगवतात, त्याचे दोन्ही संघ पेशीच्या आत एकमेकांशी बोलत असण्याची चांगलीच शक्यता आहे. २०२१ साली दोन गटांनी दाखवलं, की गुणसूत्रांची संख्या बिघडलेल्या पेशींचं केआयएफ१८ए या कायनेसिनवाचून विभाजन निभत नाही, निरोगी पेशींचं मात्र त्यावाचून फारसं अडत नाही. त्याला रोखणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्यात. हे यंत्र जुनं म्हणून टाकून देणाऱ्यांनी याला काय म्हणायचं ते ठरवावं.

'हे संपलं' अशी घाईची मतं फुकट नसतात, त्यांची किंमत कुणीतरी मोजतं. विभाजनाला हिरवा कंदील दाखवणाऱ्या सायक्लिन आणि सीडीके या प्रथिनांच्या शोधाला २००१ साली नोबेल मिळालं, हार्टवेल, हंट आणि नर्स यांना. सीडीके रोखणारं, माणसांवर तपासलेलं पहिलं औषध फ्लेव्होपिरिडॉल. त्याचं मूळ आपल्या मुलुंडमध्ये. पश्चिम घाटातही आढळणाऱ्या एका सदाहरित झाडातल्या रोहितुकिन या रेणूवर तिथल्या हेक्स्टच्या संशोधन केंद्रात काम झालं, त्यातून ते निघालं. पण ते अनेक सीडीके एकदम रोखत असे, त्रास फार, फायदा कमी. लगेच बोलबाला झाला की सीडीके हा फसवा निशाणा. नेमकं ४ आणि ६ क्रमांकाच्या सीडीकेंना रोखणारं पॅल्बोसिक्लिब तोवर तयार झालं होतं, पण त्याच्याकडे कुणी उत्साहाने बघेना. डेनिस स्लेमन यांच्या लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने २००९ साली दाखवलं, की हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशी या औषधाने थांबतात. २०१५ साली ते बाजारात आलं. लेट्रोझोलबरोबर दिलं तर आजार आटोक्यात राहण्याच्या काळाचा मध्यक १४.५ महिन्यांवरून २४.८ महिने झाला. त्याच्या भावंडाने, रिबोसिक्लिबने, आयुष्यच लांबवलं, ५१.४ महिन्यांवरून ६३.९. गोळी आहे, तोंडाने घ्यायची, एकवीस दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायचं. काउंट पडतात, पण मज्जेतल्या पेशी मरत नाहीत, थांबतात, म्हणून सुट्टीच्या आठवड्यात पुन्हा वर येतात. गंमत अशी, की हेच शहाणे या गोळीला कौतुकाने 'टार्गेटेड' म्हणतात. टार्गेट कोणतं आहे, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. विभाजनच आहे!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आणि त्यात पाणी घालायची माझी तयारी नाही. कर्करोग हा विभाजनाचा आजार आहे, विभाजनाचं यंत्र पेशीच्या आत आहे, आत शिरायला छोटे रेणू लागतात, आणि त्या रेणूंनी गेल्या साठ वर्षांत जितकी माणसं वाचवली तितकी कोणत्याही व्हिडिओने वाचवलेली नाहीत. ते आणखी नेमके करायचे आहेत, बोटं बधिर न करणारे करायचे आहेत, कोणत्या गाठीला कोणता हे आधी ओळखायचं आहे. हे काम अर्धवट आहे म्हणून ते बंद करा, असं ज्याला वाटतं त्याने निदान उपचार घेणाऱ्या बाईच्या पलंगाशी बसून ते बोलू नये.

चीड यायचीच असेल तर ती यायला दुसरी जागा आहे. पॅल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत झपाट्याने उतरली. रेणू तोच, बाई तीच, आजार तोच. डिसेंबरात परवडत नव्हतं ते पुढे परवडू लागलं. रिबोसिक्लिबच्या किमतीविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात एका रुग्ण स्त्रीने दाद मागितली होती. सक्तीचा परवाना देऊन हे औषध इथे स्वस्तात बनवू द्या, एवढीच मागणी. निकाल लागायच्या आधी, २०२२ साली, ती गेली. न्यायालयाने तो विषय स्वतःहून पुढे चालू ठेवला.